उंबरधारच्या पुराचा कसूर

उंबरधारच्या मारुतीच्या पारासमोर सकाळी नऊ वाजल्यापासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. पालमहून आलेली एसटी सगळी माणसं इथंच सांडून रिकामी पुढे गेली होती. झाडावर पोरं, ओट्यांवर बाया, आणि मंडपात चौरंगावर मेघानंद महाराज. अंगात निळी कफनी, कपाळावर भस्माचे जाड पट्टे आणि गळ्यात रुद्राक्षांचा एवढा भार, की मान वर करताना महाराजांना थोडे कष्टच पडत. समोर परातीत कालवलेली हळद, शेजारी तांब्याचा कमंडलू.

"काल पहाटे इंद्राच्या दरबारात गेलो होतो," महाराज शेजारच्या गावी जाऊन आल्यासारखे म्हणाले. "विचारलं, देवा, उंबरधारवर एवढा कोप का? देव म्हणाले, मेघानंदा, पाऊस मी मोजूनच धाडला होता. खाली एका घरचं पाप आडवं आलं, म्हणून पाणी उलटलं. आता हळदच बोलेल! निर्दोष हातावर पिवळी राहील, पापी हातावर रक्त फुटेल!"

गर्दीतून "हर हर महादेव" उठलं.

इंद्राशी एवढी ओळख असताना त्या घराचं नाव तिथंच का विचारून घेतलं नाही, असं कडेला बसलेल्या लिंबाजीच्या मनात आलं. पण खरं तर तोही नाव ऐकायलाच आला होता.

लिंबाजीनं तेहतीस वर्षं पूर्णा जंक्शनला नोकरी केली. रोज सकाळी सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचे, रूळ जखडून धरणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या पडल्या की हातोड्यानं ठोकायच्या, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर तो आणि बायको मालनबाई गावी येऊन ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीत राहू लागले. तेवीस दिवसांपूर्वी एका जुन्या सोबत्याच्या सत्काराला तो पूर्णेला गेला होता. त्याच सकाळी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. ओढ्यावरच्या नळकांडी पुलाशी पाणी तुंबलं, माघारी फिरलं आणि पाव तासात खालच्या वस्तीत छातीला लागलं. मालनबाई बाहेर पडली होती. गाईचं दावं सोडायला म्हणून परत आत गेली, ती गेलीच. मेंढ्यांच्या वाड्याकडे धावलेला येडबा गेला. अंथरुणाला खिळलेली दोन म्हातारी माणसं गेली. चार चिता एका दिवशी पेटल्या.

पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यानं पडक्या भिंती मोजल्या आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'अतिवृष्टी'.

"साहेब, पाऊस तर साऱ्या शिवारावर पडला," लिंबाजीनं विचारलं होतं. "मंग पाणी ह्याच वस्तीत का घुसलं? एवढं घाईनं का आलं? आमाला कुनी आधी सांगितलं का न्हाई?"

तलाठी कोवळा माणूस होता. तो ओशाळून म्हणाला, "काका, तुमचं खरं आहे. पण माझ्या फॉर्मात त्याला रकानाच नाही."

तेवीस दिवस तो प्रश्न लिंबाजीच्या छातीवर धोंड्यासारखा बसला होता. पुढारी आले, हात जोडून गेले. कॅमेरेवाले आले, चिखल टिपून गेले. का झालं हे विचारायला कोणी आलं नाही. मग माणिकराव सरपंचांनी महाराजांना आणलं, आणि महाराज तरी निदान 'का' हाच शब्द बोलत होते. अशा वेळी बुडत्या माणसाला काडीसुद्धा होडी वाटते.

एकेका घरचा माणूस पुढे होऊ लागला. शिष्य तळहातावर हळद चोपडी, महाराज कमंडलूतलं पाणी शिंपडत, मंत्र पुटपुटत आणि ओरडत, "निर्दोष!" लिंबाजीही गेला. पिवळी ती पिवळीच राहिली.

मग कासाबाई आली. येडबाची आई. पंधरा-वीस मेंढ्यांवर जगणारी विधवा बाई. तिचा वाडा ओढ्याच्या अगदी काठावर होता. तिनं हात पुढे केला. महाराजांनी पाणी शिंपडलं, तिचा तळवा आपल्या हातात घेतला आणि अंगठ्यानं रेषा चोळत डोळे मिटले.

"रक्त! रक्त!" शिष्य किंचाळला.

कासाबाईच्या तळव्यावर खरंच लालभडक डाग उमटला होता. बाया मागे सरकल्या. कासाबाई आपल्याच हाताकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी बघत राहिली.

"मेंढ्यांच्या लेंड्यांनी जलदेवता बाटवली!" महाराज गरजले. "म्हणून ती वस्तीवर उलटली. हिनं बारा वर्षं गावाची शीव सोडावी. नाहीतर येत्या पावसात चाराचे चाळीस होतील!"

"महाराज," कासाबाई तोच हात पुढे धरून म्हणाली, "माझा लेक गेला वो त्या पान्यात. मी काहून आनीन पानी?"

"तूच खाल्लास लेकाला!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. हे म्हणणाऱ्याच्या बायकोच्या बाळंतपणात कासाबाई रात्र-रात्र जागली होती. पण चार चितांनी माणसं बावरली होती, आणि बावरलेल्या माणसाला बोट दाखवायला कुणीतरी लागतं. लिंबाजीला स्वतःची लाज वाटली, कारण क्षणभर त्याच्याही मनात आलं होतं, चला, नाव कळलं एकदाचं.

त्याच क्षणी त्याला आठवलं, की महाराजांनी त्याच्या हाताला बोटसुद्धा लावलं नव्हतं. आधीच्या साठ-सत्तर हातांपैकी एकाच्याही रेषा चोळल्या नव्हत्या. तेहतीस वर्षं एका रुळात दुसऱ्यापेक्षा वेगळं काय, हेच बघत गेलेली नजर होती ती.

तो उठला. "महाराज, माझा हात पुन्यांदा बघा. ह्या बारीला रेषा चोळून बघा."

"एकदा झाला! देवाची परीक्षा घेतोस?"

"देवाची न्हाई." लिंबाजीनं कंबरेची तंबाखूची डबी काढली. दुसऱ्या झाकणातला चुना बोटाच्या टोकावर घेतला आणि हळदीनं माखलेल्या आपल्या ओल्या तळव्यावर चोळला. मग हात उंच धरला.

तळवा लाल झाला होता.

मग ओट्यावरून म्हाताऱ्या पार्वतीबाईंचा आवाज आला, "अगं माय! आमची आजी घरी कुंकू असंच करायची की! हळदीला चुना लावला की लालच व्हतंय ते."

कुणीतरी हसलं. महाराजांनी उजवा हात हळूच कफनीत नेला.

"हात लपवू नका," लिंबाजी म्हणाला. "तुमचा अंगठा ह्या परातीत बुडवा. नखाखाली काही नसंल तर पिवळाच राहील. मी तुमचे पाय धरीन आन् गाव सोडून जाईन."

महाराजांनी शाप दिला, सात पिढ्या काढल्या, इंद्राला हाक मारली. इंद्र काही आला नाही. शेवटी आदिनाथ पैलवानानं महाराजांचं मनगट धरून अदबीनं परातीत टेकवलं. अंगठा वर आला तो नखापासून पेरापर्यंत लाल. चमत्कार तो एवढाच: नखाखालचा गहूभर चुना.

अर्ध्या तासात महाराजांची जीप धूळ उडवत गेली. पोलिसात द्यायला हवं होतं, पण ते सुचेपर्यंत जीप दिसेनाशी झाली होती.

गर्दी मात्र हलेना. माणिकराव चिडून म्हणाले, "लिंबाजी, बाबा खोटा, मान्य. कासाबाईचा कसूर न्हाई, मान्य. मंग कसूर कुणाचा? तूच सांग!"

"पुलाचे नळ बारीक व्हते!" एक जण ओरडला. "वरच्या तलावाचं पानी सोडलं!" दुसरा म्हणाला. "ओढ्यात मुरूम कुनी टाकला ते बोला!" तिसरा. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. बाबा गेला तरी बोटं ताठच होती.

"मला ठाऊक न्हाई," लिंबाजी म्हणाला. "तुमालाबी न्हाई. बघितलंय कुनी मोजून?"

तो पाराच्या पायरीवर बसला आणि हळूहळू बोलू लागला. "मी नोकरीत नवा व्हतो तवा थंडीत एका जागी रूळ तुटला, गाडी घसरली. मानसं मेली. आमी समदे म्हणलो, थंडीनं तुटला, देवाची मर्जी. मंग एक साहेब आला. त्याचं काम एवढंच, अपघात का झाला ते शोधायचं. आन् तो रेल्वेच्या हाताखालचा नव्हता बरं का, विमानखात्याकडचा. म्हंजे रेल्वेला त्याला दबकावता यायचं न्हाई. त्यानं माझ्यासारख्या पोराला खुर्ची दिली. म्हणला, थंडी तर साऱ्याच रुळांना वाजली, मग हाच का तुटला? तुटका तुकडा तपासला, वह्या तपासल्या. आतली जुनी चीर सापडली. दोष एकट्याच्या माथी मारला न्हाई. तपासायची पद्धतच बदलायला लावली. मी पुढं तीस वरसं त्याच नव्या पद्धतीनं चाललो."

"मंग आपल्याकडं असा साहेब कवा येनार?" कासाबाईनं विचारलं.

पुराला असा साहेबच नव्हता. पुरावर कामं करणारी खाती होती, मदत देणारी होती. पण का झालं हे कुणाच्या दबावाशिवाय शोधून जगजाहीर सांगणारं कोणी इथवर आलं नव्हतं.

त्याच महिन्यात ग्रामसभेत ठराव झाला. पूर, वीज, गारपीट यांत माणसं दगावली, की पूल बांधणाऱ्या, पाणी सोडणाऱ्या आणि इशारा देणाऱ्या खात्यांपासून स्वतंत्र असं चौकशी मंडळ सरकारनं नेमावं. त्यानं गावात बसून सगळ्यांचं ऐकावं आणि अहवाल चावडीवर लावावा. लिंबाजीनं तो ठराव तहसीलला दिला, परभणीला दिला, मुंबईला धाडला. तालुक्याच्या कचेरीतले बाबू समजुतीनं म्हणाले, "काका, नैसर्गिक आपत्ती ही. निसर्गाची कसली चौकशी?"

"निसर्गाची नको," लिंबाजी म्हणाला. "मधल्या मानसांची करा."

पाच महिन्यांनी उत्तर आलं: 'आपला अर्ज पुढील योग्य कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' संबंधित विभाग म्हणजे ज्यानं तो पूल बांधला होता तोच. एवढ्यात खबर आली, की मेघानंद महाराजांचा मंडप दुसऱ्या तालुक्यातल्या पूरग्रस्त गावात पडलाय, आणि तिथंही एका घरच्या हातावर रक्त फुटलंय. आदिनाथ आणि लिंबाजी एसटीनं धावले, पण ते घर गाव सोडून गेलेलं होतं.

वाचकहो, बाबाचं गुपित चुन्याच्या डबीत सापडतं. ते उघडं पाडायला एक म्हातारा पुरतो. पण नदी का उलटली याचं उत्तर एकट्या माणसाच्या हाती नसतं. त्याला मोजमाप लागतं, कागद लागतात, कुणालाही न भिणारी माणसं लागतात. ती सरकार नेमत नाही तोवर ती जागा रिकामी आहे, आणि रिकाम्या जागेत कुणी ना कुणी मंडप घालणारच. म्हणून बाबाला हाकलून थांबू नका. का झालं, हे विचारत राहा आणि विचारणारं मंडळ मागत राहा.

मे महिना संपत आला तेव्हा कासाबाई ओढ्याकाठी नवा वाडा घालत होती. दुसरी जागा तिला कुणी दिली नव्हती. लिंबाजी तिथं थांबला.

"भाऊ, हितं घालू का नको?" तिनं विचारलं. "पानी पुन्हा येईल का?"

लिंबाजीनं पुलाकडे पाहिलं. नळ तेवढेच होते. त्यांच्या तोंडाशी गेल्या पावसातला गाळ तसाच वाळून बसला होता.

"मला सांगता येत न्हाई, कासाबाई," तो म्हणाला. आणि फावडं घेऊन तो पाण्याच्या वाटेत उतरला. सगळा गाळ एका माणसाला उपसणं होणार नव्हतं, हे त्याला दिसत होतं.