रंगूमावशीचं उदाहरण

उत्कर्षाला गप्प बसून अभ्यास करणं कधी जमलंच नाही. साताऱ्याच्या कॉलेजात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला तिनं आंतरराष्ट्रीय चलनव्यवस्था आणि आर्थिक संकटं हा पेपर घेतला होता, आणि घरी मेढ्याला जाणाऱ्या एसटीत बसली की शेजारणीला थायलंडचं चलन कसं कोसळलं ते सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पोरगी हुशार, यात वाद नाही. पुण्याच्या एका संस्थेनं तिला पुढच्या अभ्यासक्रमाला निवडलंही होतं. फी महिनाअखेरीला भरायची होती, आणि ती आईच्या भिशीतून येणार होती.

भिशी दगडाबाईची. गल्लीतल्या बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम आणून देत आणि जमलेले सगळे पैसे पाळीपाळीनं एकेकीला मिळत. कागद नाही, सही नाही, दगडाबाईचा शब्द तेवढा. या महिन्याची पाळी उत्कर्षाच्या आईची, म्हणजे मायाची होती.

एका दुपारी बायका मायाच्या ओसरीवर पापड लाटत होत्या. "एवढं काय गं शिकतीस?" असं कुणीतरी विचारलं, आणि झालं! उत्कर्षानं देश कसे बुडतात ते सांगायला घेतलं. बायका जांभया द्यायला लागल्या, तशी तिनं जवळचं उदाहरण काढलं.

"आपली भिशीच घ्या. समजा, रंगूमावशींनी आपले पैसे उचलले आणि आता भरायचं बंद केलं. मग मागं राहिलेल्यांना वाटणार, आपले बुडाले. सगळ्याच म्हणणार, मला आधी द्या. मग चांगली चाललेली भिशीसुद्धा नुसत्या भीतीनं मोडते."

रंगूबाई बाजारात भाजी विकायची, त्या दुपारी ती तिथं नव्हती. तिनं मागच्याच महिन्यात भिशी उचलली होती आणि तिच्या मुलाची मुंबईतली नोकरी नुकतीच सुटली होती. उत्कर्षाला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या, पण बोलताना त्यांची आठवण झाली नाही. गल्लीत 'समजा' कुणी ऐकत नाही, त्याच्या पुढचं तेवढं ऐकतात.

रविवारी दगडाबाईच्या घरी बायका जमल्या, पण पैसे कुणी बाहेर काढेना.

"आमचं आधी द्या, मग फुडचं भरतो."

"आगं, पर झालंय काय?" दगडाबाई म्हणाली.

"रंगू भरणार न्हाई म्हनं."

"कोन म्हनलं?"

सगळ्यांनी आईबरोबर आलेल्या उत्कर्षाकडं पाहिलं. "अहो, मी फक्त उदाहरण दिलं होतं!" ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागली. ती जसजशी समजावू लागली तसतसा बायकांचा संशय पक्का होत गेला.

तेवढ्यात रंगूबाई आली. तिच्या कानावर सगळं आलं होतं. पदराची गाठ सोडून तिनं पैसे दगडाबाईपुढं ठेवले. "गरीब हाय मी, लबाड न्हाई," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली. उत्कर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यानंही बायका हलल्या नाहीत. "ह्या म्हैन्याचं भरलं. फुडचं कुनी बघितलंय?"

अशा वेळी कुणीतरी मोठ्या, भरवशाच्या माणसानं पाठीशी उभं राहून धीर द्यायचा असतो, हे उत्कर्षाला पाठ होतं. पण दगडाबाईच्या भिशीला वाचवायला रिझर्व्ह बँक थोडीच येणार होती!

मग माया उठली. आपले पैसे तिनं रंगूबाईच्या पैशांवर ठेवले.

"माझी पाळी शेवटाला टाका," ती म्हणाली. "मला आत्ता नको."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. जिची पाळी आली तीच थांबते म्हटल्यावर भ्यायचं कशाला? एकीनं गाठ सोडली, मग दुसरीनं. पैसे जमले, पाळी दुसरीला गेली. दगडाबाईनं चहा टाकला आणि गप्पा पापडांवर आल्या.

मायलेकी परत निघाल्या. वाटेत उत्कर्षाला राहवेना.

"आई, पुण्याचं माझं वर्ष गेलं."

"व्हय."

"मला एका शब्दानं तरी विचारायचंस."

"तू रंगूला इचारलंवतंस?"

उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगूबाईचं दार उघडं दिसलं, तशी ती आईला सोडून तिकडं वळली.