टियानाच्या नावाची पट्टी

मी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरातल्या एका शाळेतला, गणिताच्या शिक्षकांच्या खोलीतला जुना पांढरा फळा आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर जे घडलं ते सांगताना मान वर होत नाही.

नवा होतो तेव्हा काय ऐट होती माझी! मुलांच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या माझ्यावर लावत आणि त्यांवरून गट ठरत. शालान्त परीक्षेत वरच्या दोन गटांना अवघड पेपर, तिसऱ्याला सोपा. सर्वात वरची ग्रेड नऊ, पण सोपा पेपर सगळा बरोबर सोडवला तरी पाचच्या वर ग्रेड मिळत नाही. "फळ्यावर बघा," असं जो तो म्हणे आणि मी फुगून जाई.

पट्ट्या लावायच्या मीनल मिस, मूळच्या पुण्याच्या. खोलीत कुणी नसलं की त्या स्वतःशी मराठीत बोलत. माझी भाषा त्यांचीच. त्या सप्टेंबरात दुसऱ्या गटात एकच जागा उरली होती. टियानाला एकसष्ट मार्क, अनयला चौपन्न. टियानाचे आजोबा जमैकाहून आलेले, अनयचे आईवडील नाशिकचे. टियानाला इंजिनिअर व्हायचं होतं आणि त्यासाठी गणितात सात ग्रेड हवी होती.

"अनय आपल्यातला. घरी अभ्यास घेतील त्याचा," मिस पुटपुटल्या. "ही पोरगी फार उलट बोलते."

उलट बोलते म्हणजे काय, तर वर्गात 'हे असंच का?' असं विचारते! मार्क माझ्यावरच लिहिलेले होते हो. पण मी हूं की चूं केलं नाही. टियानाची पट्टी तिसऱ्या गटात गेली आणि मी ती घट्ट धरून ठेवली.

दीड वर्षानं अनयच खोलीत आला. "मिस, मला गणित टियाना समजावते. मग ती खालच्या गटात का?"

मिस खजील झाल्या. त्यांनी पट्टी उचलून वर लावली. पण तिसऱ्या गटाला अवघड धडे कुणी शिकवलेच नव्हते, आणि परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. पट्टी पुन्हा खाली आली.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. टियानाला पाच. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मिस, मी एकही चूक केली नसती तरी पाचच ना?"

"हो."

"हे असंच का?"

 

आता मिस नावं झाकून आधी मार्क वाचतात. टियानाची पट्टी मात्र त्यांनी काढलेली नाही. ती अजून माझ्या अंगावर आहे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मित्रांनो, कुणी 'असंच का?' विचारलं, तर त्याला वेळेवर उत्तर द्या.