पडलो तर कुठं पडेन

मी खांब. खरं तर पाण्याचा जुना पाइप, वीस फुटी. शिकलोबिकलो काही नाही, पण सांगतो ते ऐका, कारण कागदावर ते कुठंच लिहिलेलं नाही.

माझा मालक घड्याळं दुरुस्त करायचा. नजर अधू झाली तसं दुकान बंद केलं आणि हौसेचा रेडिओ घेतला, रीतसर परवाना काढून. त्यावरून रोज सकाळी सातला समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या खलाशाशी बोलायचा. दोघांनाही दुसरं कुणी विचारत नव्हतं. एरियल उंच असली की आवाज स्वच्छ येतो, म्हणून मला आणलं.

नियमात एकच ओळ होती: विजेच्या तारांपासून पुरेसं अंतर ठेवावं. परवानावाले म्हणाले, वीजवाल्यांना विचारा. वीजवाले म्हणाले, परवाना तुमचा, नियम तुमचे. शेवटी एका साहेबानं चहा पिता पिता दहा फूट सांगून टाकलं.

पुढच्या अंगणात, रस्त्यावरच्या तारेपासून दहा फूट मोजून मालकानं खड्डा खणला. बायको शिलाई मशीनवरून उठून आली.

"साहेबांनी खांब बघितला का?"

"अगं, खांबात काय बघायचंय?"

"मी मापाशिवाय ब्लाऊज बेतते का कधी? बूड खड्ड्यापाशी ठेवा आणि आडवा करा त्याला."

केला. माझं डोकं फाटकाबाहेर गेलं, तारेखालून पार पलीकडे. एका सायकलवाल्याला उतरावं लागलं. बाईनं तिथं खडूची खूण केली.

"हा पडला तर?"

"पडतोय कशाला?"

"पडणारे काय सांगून पडतात?"

मालक पायरीवर बसला. "मागं लावला तर घराच्या आड जाईल. मग खलाशी ऐकू यायचा नाही."

तिनं खडूच्या खुणेकडे बोट दाखवलं. खडू कमरेला खोचून आत गेली.

मला मागं लावलं. खलाशाचा आवाज बारीक झाला. पंखा बंद करून, कान लावून ऐकावं लागे. मालकानं मला एकदा लाथही घातली. घालू दे.

तिसऱ्या वर्षी दुपारी वारा सुटला. बुडाशी गंजलो होतो, आडवा झालो तो टोमॅटोच्या वाफ्यात. बाई तेव्हा पुढं, त्या विजेच्या तारेखाली, कुंपणावरचे वाळलेले कपडे काढत होती. मालक धावत आला तो माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

आता माझे तुकडे झालेत, वेली चढतात माझ्यावर. नवा खांब आलाय. उभा करायच्या आधी मालकानं स्वतःच त्याला जमिनीवर आडवा केला आणि बायकोकडे खडू मागितला.

तुम्हीही मागा. मला आता दुसरं काही सांगायचं नाही.