भावोजींचं स्पॅनिश भाषण

आठ वर्षं कारखान्यातल्या यंत्रांची माहितीपत्रकं मी स्पॅनिशमधून भाषांतरित केली आणि प्रत्येकाखाली भावोजींचं नाव छापून आलं. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान आणि आमच्या भाषांतर विभागाचे साहेब. त्यांना स्पॅनिशमधलं नमस्कार आणि आभार एवढंच येतं. बाकी सगळा कारभार माझ्या जिवावर.

एकदा मी नावाचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "नाव व्हायला नशीब लागतं गं. तुझ्या कपाळी ते नाही." शेजारी बसलेली ताई हसली. ते हसणं मी विसरले नाही, विसरणारही नाही.

यंदा मुख्य कचेरीतून मोठ्या बाई येणार होत्या. त्यांची भाषा स्पॅनिश. भाषाप्रमुखाचं नवं पद भरायचं होतं आणि भावोजी ते मिळाल्यासारखेच वागत होते. बाईंसमोर स्पॅनिशमध्ये भाषण ठोकायचं त्यांनी ठरवलं. नेहमीसारखा हुकूम आला, "तू देवनागरीत लिहून दे, मी पाठ करतो. माझ्या यशात नशिबाचा काही हात नाही, सगळी माझी मेहनत, असं लिही."

नशिबाला स्पॅनिशमध्ये 'सुएर्ते' म्हणतात. आपलं नशीब उघडतं, फुटतं, आड येतं. त्यांच्याकडे ते ताप असावा तसं माणसाला असतं. 'तेंगो सुएर्ते', मला नशीब आहे. भावोजींनाही होतं की. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ते मान मोडून काम करत होतं.

मी लिहिलं, 'तोदो आ सिदो सुएर्ते.' जे झालं ते सगळं नशिबाने. 'मि सुएर्ते एस मि कुन्यादा.' माझं नशीब म्हणजे माझी मेहुणी. पुढे लिहिलं, सगळी पत्रकं तिनेच केली, मला ही भाषा येत नाही, हे पद तिला द्या.

चार दिवस जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडून उच्चार घोटून घेतले.

"हे सुएर्ते सारखं का येतंय?" त्यांनी विचारलं.

"नशिबावर तुमचा विश्वास नाही, ते ठासून सांगताय ना."

"मग अजून एकदा टाक."

मी टाकलं.

बाई आल्या त्या दिवशी भावोजी छातीवर हात ठेवून झकास बोलले. 'कुन्यादा'वर तर आवाज असा काही चढवला की मलाच हसू आवरेना. बाई आधी चकित झाल्या, मग उठून त्यांनी भावोजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बोलल्या. मग माझ्याकडे वळून माझाही हात हातात घेतला.

भावोजी माझ्या कानाशी आले. "काय म्हणाल्या?"

मी शब्दाला शब्द सांगितलं. "म्हणाल्या, इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही. स्वतःला काही येत नाही हे चारचौघांत कबूल करून तुम्ही पद मेहुणीला देऊ केलंत. आणि बाईंनी ते मला दिलंय."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हे मी बोललोच नाही, सांग त्यांना."

"सांगते. पण मग आत्ता काय बोललात ते कळलंच नाही, हेही सांगावं लागेल. सांगू?"

त्यांनी घाईघाईने नकारार्थी मान हलवली. बाई टाळ्या वाजवू लागल्या, मागोमाग सगळा विभाग.

"हसा, भावोजी," मी म्हटलं. "टाळ्या तुमच्यासाठीच आहेत."

आणि ते हसले.