नीलम्माचे कान

बाळीवेशीतले बसलिंगप्पा घोंगड्यांचे व्यापारी. माणूस प्रेमळ, पण एकदा निदान केले की तेच खरे मानणारा. आपल्यातले पुष्कळ वडील असेच असतात, तेव्हा त्यांना एकट्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

त्यांची सहा वर्षांची नीलम्मा जूनमध्ये मराठी शाळेत जाऊ लागली. नवे परकर-पोलके, नवी पाटी, सगळे थाटात झाले. दिवाळीच्या सुटीआधी मात्र मास्तरीणबाई अंबुबाईंनी बसलिंगप्पांना बोलावून घेतले. मुलगी विचारलेल्याचे उत्तर देत नाही, हाक मारली तरी पाहत नाही; सुटीनंतरही असेच राहिले तर तिचे नाव शाळेतून काढावे लागेल, असे त्यांनी सांगितले.

बसलिंगप्पांनी तिथल्या तिथे निदान केले. घरात कानडी आणि शाळेत मराठी, मग पोरीला कळणार कसे? त्या दिवसापासून घरात कानडी बंद झाली. नीलम्माशी सगळ्यांनी मराठीतच बोलायचे.

हुकूम सोपा होता, पण तिची आई सुंदरम्मा अक्कलकोटकडच्या खेड्यातली. तिचे मराठी बाजारापुरते. तेवढ्यावर मुलीला जेवू घालता येते, गोष्ट सांगता येत नाही. आपल्या कानडीपायी लेकीचे नुकसान झाले या विचाराने ती बिचारी गप्पच झाली. वेणी घालतानासुद्धा तोंडातून शब्द काढीना. दर सोमवारी न्हाऊ घातल्यावर कानात कोमट तेल ओतायचे आणि वर कापसाचा बोळा बसवायचा, ही त्या घरची जुनी रीत. तेवढी माया मात्र ती न चुकता करी. नीलम्माचा एक कान अधूनमधून वाहत असे, पण तेलाने बरा होईल असेच सगळे म्हणत.

महिनाभराने सांगोल्याकडची केराबाई धनगरीण लोकर घेऊन आली. वर्षानुवर्षांची ओळख, त्यामुळे ओसरीवर बसून ती नीलम्माशी गप्पा मारू लागली. पोरगी शाळेतल्या साऱ्या गमती सांगत होती. केराबाई गाठोडे सोडायला वळली, तशी बोलण्याची साखळी तुटली. पुन्हा पोरीकडे तोंड केले की पुन्हा सुरू. केराबाईने दोनदा तसे करून पाहिले आणि बसलिंगप्पांना हाक मारली.

“आण्णा, पोरीला मराठी येतंय की. माज्या तोंडाकडं बगून समदं सांगतीया. पाट फिरवली की गप.”

बसलिंगप्पा हसले. कानडी घरातली मुलगी, भाषेचीच अडचण, असे त्यांनी तिला समजावले.

“मग तिच्या आईला मागनं हाक मारू द्या. कानडीतच मारू द्या.”

सुंदरम्माने नवऱ्याकडे पाहिले. आपलेच खरे ठरेल या खात्रीने त्यांनी मान डोलावली. नीलम्मा पाठमोरी बसून लोकरीतली कुसळे वेचत होती. महिन्याभरात पहिल्यांदाच आई तिच्याशी आपल्या बोलीत बोलली.

“नीलव्वा, इल्लि बा.”

इकडे ये, एवढेच. पोरगी हलली नाही. सुंदरम्माने आणखी मोठ्याने हाक मारली. नीलम्मा आपली कुसळे वेचतच होती. तिसऱ्या हाकेनंतर कुसळे टाकायला ती सहज वळली, तेव्हा आई रडत होती. ती धावत येऊन आईला बिलगली.

बसलिंगप्पांच्या तोंडचे पाणी पळाले. पोरीला आईची हाकसुद्धा ऐकू येत नव्हती!

“करडू हाकंला येईना तर आमी त्येला मारत न्हाय, आदी त्येचं कान बगतो,” केराबाई म्हणाली. “तुमी पोरीची बोली बदलली. कान कुणीच बगितलं न्हाईत.”

दुसऱ्याच दिवशी आईबाप नीलम्माला घेऊन दवाखान्यात गेले. उजव्या कानात तेल, मळ आणि जुना कापूस घट्ट बसला होता. डाव्याचा पडदा वाहून वाहून फाटला होता. डॉक्टरांनी चार खेपांत कान साफ केले आणि पुन्हा तेलाचा थेंबही घालायचा नाही अशी ताकीद दिली. उजवा कान सुधारला. डावा थोडा अधूच राहणार होता, म्हणून वर्गात तिला पुढे, उजवा कान बाईंकडे येईल अशी बसवा, असे त्यांनी सांगितले. शेवटी ते म्हणाले, “मूल दोन भाषा सहज शिकते. आईला सांगा, मुलीशी भरपूर बोलत जा. आपल्याच बोलीत.”

सुंदरम्माला ते नीटसे समजले नाही. बसलिंगप्पांनीच तिला कानडीत सांगितले, लेकीच्या देखत. माझेच चुकले, हे डॉक्टरांनी न सांगितलेले वाक्यही त्यांनी त्यात घातले.

अंबुबाईंनी नीलम्माचे नाव शाळेतून काढले नाही. उलट वर्गातल्या सगळ्याच मुलांना त्या मागून हळूच हाका मारून पाहू लागल्या. आईबापहो, आपणही हेच करावे. मूल शाळेत घालताना पाटी घेतो, कपडे शिवतो. त्याआधी त्याचे कान आणि डोळे डॉक्टरांना दाखवावेत. वाहणारा कान अंगावर काढू नये. मूल उत्तर देत नसेल तर त्याला मठ्ठ किंवा हट्टी म्हणण्यापूर्वी, आपला प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला का, हे पाहावे.

बसलिंगप्पांना मात्र मोठ्याने बोलायची सवयच लागली. एका संध्याकाळी जेवायला हाक मारताना त्यांनी सारी गल्ली दणाणून सोडली. आईच्या मांडीवर गोष्ट ऐकत बसलेल्या नीलम्माने मान वर केली आणि ती कानडीत म्हणाली, “अप्पा, हळू बोला ना. अव्वाचं मला ऐकू येत नाही.”