तिच्या पोटात खरंच दुखत होतं

स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला उलटी टांगलेली ती लाल रबराची जाडी बाई म्हणजे मी. गरम पाण्याची पिशवी. एरवी पोटात गरम पाणी पडल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. पण आज गप्प बसवत नाही म्हणून रिकाम्या पोटीच बोलतेय.

माझा जन्म रबराच्या कारखान्यातला. साच्यातून काढल्या काढल्या पोटात पाणी भरून मला चांगलं दाबून पाहिलं होतं, कुठे गळते का म्हणून. नाही गळले. तेव्हापासून मला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटायला लागलं. औषधांच्या दुकानातून आजोबांनी मला घरी आणलं ते स्वतःच्या कंबरेसाठी. कंबर राहिली बाजूला, आणि मी अख्ख्या घराच्या पोटांची सेवा करत बसले.

आजोबांचं पोट गॅसचं. टिचकी मारली तर वाजेल असं फुगायचं. घास न चावता गिळायचे आणि वर म्हणायचे, "हवाच बाधली मला!" बाबा बस चालवतात. सकाळची फेरी उपाशीपोटी, दुपारचं जेवण संध्याकाळी, मधे नुसता चहावर चहा. मग छातीत जळजळ, आंबट ढेकर. खरं तर जळजळीला मी काय करणार? तरी मला पोटावर घेऊन पडायचे बिचारे. आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर बसते. तिथे उठलं की सुपरवायझर कपाळाला आठ्या घालतो, म्हणून ती पाणीच पीत नाही आणि संडासलाही जात नाही. तिचं पोट कायम गच्च. दुखण्याचं कारण कुणीच बदलत नव्हतं. मला भरायचे, शेकायचे, बरं वाटलं की खिळ्याला टांगायचे.

आणि मी खूश! माझ्या शेकाने न निवणारं पोट अजून जन्माला यायचंय, असा माझा तोरा. आता तो आठवला की लाजेने आतून चिकटून जाते मी.

या घरात दोन मुली. ताई आणि धाकटी. दोघींनी शाळेच्या बास्केटबॉल संघासाठी निवड चाचणी दिली. ताई निवडली गेली, धाकटी राहिली. त्या संध्याकाळी घरात नुसता कल्ला चालला होता. ताई दहाव्यांदा सगळं रंगवून सांगत होती आणि धाकटी ताटातलं नुसतं चिवडत होती. मधेच ती म्हणाली, "आई, माझ्या पोटात दुखतंय गं."

मग आजोबा खो खो हसले. "दुखणारच! ताईची निवड झाली ना!"

शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली आणि बाबांनी तिच्या रंगाला नावं ठेवली, तेव्हाही आजोबांनी हेच विचारलं होतं, "पोटात दुखतंय का रे?" त्यांची ठरलेली थट्टा. बाबा हसले, आईने तोंडाला पदर लावला. ताई म्हणाली, "अगं, पुढच्या वर्षी होईल तुझी. एवढं काय जळायचं?"

धाकटीचे कान लाल झाले. ताट सारून ती उठली. हळूच स्वयंपाकघरात आली, पाणी तापवलं, मला भरलं आणि अंथरुणात घेऊन गेली.

दुखत होतं बेंबीच्या आसपास. मी मनापासून शेक दिला. ती जरा निवली. मग भिंतीकडे तोंड करून माझ्याच कानात कुजबुजली, "मला खरंच हेवा वाटला गं ताईचा. म्हणूनच दुखत असेल."

अरे देवा! मला ओरडून सांगता आलं असतं तर! इतक्या पोटांवर लोळले मी, हेव्याने असं दुखत नाही, एवढं तरी मला कळत होतंच ना. सकाळपर्यंत दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली उतरलं होतं. ती ओकली, तेही नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. अंग तापलं होतं. आईने कपाळाला हात लावला, तर धाकटी मला पुढे करून म्हणाली, "पिशवीची ऊब आहे." आई कामाला गेली आणि मी तापाचं पांघरूण झाले.

दुपारी दुखणं एकदम कमी झालं. मला वाटलं, जिंकले! आणि मग हळूहळू तिचं पोट माझ्याखाली लाकडासारखं कडक होत गेलं. असलं पोट मी कधी पाहिलं नव्हतं. आजोबा हाक मारायला आले, तर ती कमरेत वाकून उभी, चेहरा पांढराफटक. आजोबांच्या तोंडून थट्टा निघाली नाही. "अगं बाई," एवढंच म्हणाले आणि अनवाणी रस्त्यावर धावले, रिक्षा बघायला.

अपेंडिक्स फुटलं होतं. पू पोटभर पसरला होता. वाचते की नाही, अशी वेळ आली. पुढचं मला घरातल्या रडण्यावरून कळलं. डॉक्टरांनी आईला विचारलं होतं, "शेक दिलात?" आणि म्हणाले होते, "शेकाने दुखणं दबतं, आपल्याला वाटतं उतरलं. न थांबणारं पोटाचं दुखणं झाकायचं नाही हो, दाखवायचं." आई मला हातात घेऊन ओट्याशी रडली. आजोबांनी तर जेवणच सोडलं. "मी हसलो नसतो तर," एवढंच परत परत. अहो, तुम्ही हसलात, पण झाकलं तर मीच ना!

वाचली पोर. टाके घेऊन, पू निचरायला पोटातून बाहेर सोडलेली नळी सांभाळत घरी आली. तेव्हापासून मला कुणी भरलेलं नाही, आणि तेच बरं आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला भरण्याआधी दुखणाऱ्या माणसाला नीट विचारा, एवढंच माझं मागणं. आम्हाला ऊब देता येते, विचारता येत नाही.

काल धाकटी दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडे हात केला. मागून ताई आली.

"दुखतंय?"

"नाही. कुठे काय?"

ताईने मला खिळ्यावरून काढलं, पण भरलं नाही. तशीच काखेत धरून जमिनीवर बसली. "आधी सांग. कुठे दुखतंय?"

धाकटीने दाराकडे पाहिलं. दारात आजोबा उभे होते, आईही हात पुसत आली होती. मग धाकटीने पोटावर बोट ठेवलं. "इथे. टाक्यांच्या खाली. पोटात दुखतंय माझ्या."

कुणीही हसलं नाही. आजोबा चपला शोधायला लागले.