समोरून माणसं येतात

“हे बघा, आता उगाच फाटे फोडू नका,” साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. “पाटी जागेवर होती. सायकलवाला वेगात आला, त्यानं ती वाचली नाही. दोन ओळींचं काम आहे. सही करा आणि मोकळे व्हा.”

वाटाड्याने कागद हातात घेतला, पण खिशातला चष्मा काही काढला नाही. काय लिहिलंय ते त्याला न वाचताच ठाऊक होतं.

“उद्या दहाला केली तर चालेल का, साहेब?”

“चार महिने राहिलेत ना तुमचे? झाकली मूठ ठेवा, सुखानं घरी जा. पण दहा म्हणजे दहा.”

वाटाड्या हे काही त्याचं नाव नव्हे, पण एकतीस वर्षांत खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. शहराच्या कडेला लोकांना फिरायला म्हणून राखलेलं ते रान, आणि त्यात तीन वाटा. पिवळ्या खुणांची पायी फिरणाऱ्यांची, निळ्या खुणांची सायकलवाल्यांची, तांबड्या खुणांची घोडेवाल्यांची. तिघी जावांसारख्या एकाच घरात नांदायच्या आणि सदा एकमेकींच्या पायात पाय. त्यांच्यात भांडण लागू न देणं ही वाटाड्याची नोकरी. झाडांवरच्या खुणा रंगवायच्या, पडलेल्या फांद्या ओढायच्या, आणि जिथे दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथल्या पाट्या नीट ठेवायच्या.

पाट्यांवरचं वळणदार अक्षर बघून येणारे-जाणारे म्हणायचे, “वाटाड्या, हात छान आहे हं तुमचा.” तो नुसता हसायचा. हात त्याचा नव्हताच. त्याचं स्वतःचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. पाट्या त्याची बायको रंगवायची, फाटकाजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत, खिडकीखाली बसून. साहेबांना हे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. पाटी काढली की खांबाला लाल फडकं बांधायचं आणि तिसऱ्या दिवशी पाटी परत लावायची, असा त्याचा शिरस्ता होता. सायकलवाले फडकं दिसलं की उतरायचे.

उताराखालच्या चिंचोळ्या वळणावरची पाटी बायकोची विशेष लाडकी. तिथे निळी वाट पिवळीला आडवी जाते. वरून आलेला मजकूर होता ‘सावकाश जा’. “सावकाश म्हणजे किती? ज्याला त्याला आपला वेग सावकाशच वाटतो,” असं म्हणून तिने आपल्या अकलेने लिहिलं होतं, ‘सायकलवरून उतरा. समोरून माणसं येतात.’ कुणी हरकत घेतली नाही, कारण वरचं कुणी त्या वळणापर्यंत चालत आलंच नव्हतं.

यंदाही ती पाटी रंगाला घरी आली. पण यंदा बायकोचे डोळे जवळजवळ गेलेलेच होते. रोज पिवळ्या वाटेने फिरून त्यांच्याकडे पाणी प्यायला थांबणाऱ्या नर्सबाई, नोकरीतून केव्हाच निवृत्त झालेल्या, त्यांनीच ते पहिल्यांदा ओळखलं होतं. “मोतीबिंदू नाही हा, काचबिंदू आहे. उशीर करू नका,” म्हणाल्या होत्या. उशीर तेव्हाच झालेला होता.

तिसरा दिवस गेला, पाचवा गेला. बायको एकेक जुनं अक्षर बोटाने चाचपायची आणि मग त्यावरून कुंचला फिरवायची. “होतंय हो, घाई नका करू,” म्हणायची. बाजारातल्या रंगाऱ्याने अर्ध्या तासात पाटी हातावर ठेवली असती. पण ती तिच्या मांडीवरून उचलायची म्हणजे तुझं आता संपलं असं तिला सांगायचं. वाटाड्याची जीभ रेटली नाही. नवव्या दिवशी वारा सुटला आणि खांबाचं फडकं उडून गेलं. तेव्हा तो रानाच्या दुसऱ्या टोकाला, घोड्यांच्या वाटेवर आडवं पडलेलं झाड तोडत होता. ते काम तीन दिवस पुरलं.

अकराव्या दिवशी सकाळी एक कंपाउंडर कामावर जायला उतारावरून सायकलने आला आणि वळणावर नर्सबाई समोर आल्या. त्यांचं डोकं दगडावर आपटलं. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत. कंपाउंडर गळ्यात हात बांधून भेटेल त्याला सांगत होता, “पाटी नव्हती हो तिथं. देवाशप्पथ नव्हती.” साहेबांनी पंचनाम्याची माणसं यायच्या आत खांबावर नवी छापील पाटी ठोकून घेतली होती.

बायकोला वाटाड्याने एवढंच सांगितलं, की नर्सबाई चक्कर येऊन पडल्या आणि गेल्या. ती खूप रडली.

सही उद्यावर ढकलून तो घरी आला तेव्हा ती कुंचला पुसत होती. “झाली हो एकदाची. बघा बरं.”

त्याने बघितलं. ओळी उजवीकडे उतरत गेल्या होत्या, आणि ‘माणसं’वरचं टिंब लांब जाऊन एकटंच बसलं होतं.

“झकास झालीय,” तो म्हणाला.

“मग उद्या लावायला मी येणार. पुढच्या वर्षी काही दिसायचं नाही मला.”

“अगं कशाला? दमशील तू.”

“दमू दे. एवढ्या वर्षांत वळणावर लागलेली बघितली नाही मी ती.”

रात्रभर त्याने सबबी शोधल्या आणि सकाळी एकही कामाला आली नाही. ती पाटी काखेत मारून, दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरून चालू लागली. वळणावर पोचल्यावर तिने हात पुढे केला, खांब चाचपला, आणि तिची बोटं थांबली.

“अहो, इथं तर पाटी आहे.”

“साहेबांनी बसवली. परवा.”

तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. “छापील आहे ही. रंगाची कड लागत नाही हाताला. पण एवढी घाई कसली होती त्यांना?”

तेवढ्यात पिवळ्या वाटेने एक फिरायला आलेले आजोबा तिथे आले. “जपून हो ताई,” ते म्हणाले. “याच वळणावर सायकलनं उडवलं नर्सबाईंना.”

ते निघून गेले. बायकोने खांब घट्ट धरला.

“फडकं बांधलं होतं मी,” वाटाड्या म्हणाला. “दोन गाठी मारल्या होत्या गं.”

“तिसऱ्या दिवशी पाटी मागायची होतीत. का नाही मागितलीत?”

त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते तिला माहीतच होतं.

“माझ्या डोळ्यांची कीव करत बसलात,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्याला तेच सोसेना. “आणि ती बाई जिवानिशी गेली. ज्या बाईनं माझे डोळे ओळखले, ती. आता त्या सायकलवाल्याचं काय?”

“त्यानं पाटी वाचली नाही, असं लिहिलंय कागदात. दहाला माझी सही आहे.”

“आत्ता किती वाजलेत?”

“साडेनऊ.”

“चला मग,” ती म्हणाली आणि पाटी पुन्हा काखेत घेतली. तो घ्यायला गेला, तर तिने दिली नाही.

कार्यालयाच्या दारात ती बाहेरच्या बाकावर बसली. वाटाड्या आत गेला. साहेबांनी घड्याळाकडे बघून पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं, दोन्ही ओळींवर काट मारली, आणि त्यांच्याखाली आपल्या कुत्र्या-मांजराच्या अक्षरात लिहायला बसला. ‘पाटी जागेवर नव्हती. अकरा दिवस माझ्या घरी होती.’ साहेब आधी समजावत होते, मग ओरडायला लागले. “वेडे झालात का? पेन्शन घालवाल ना जन्माची!” त्याला शब्द शोधायला वेळ लागत होता. बायकोचं नाव त्याने कुठेही लिहिलं नाही.

बाहेर तिला सगळं ऐकू येत होतं. पाटी मांडीवर उभी धरून, अक्षरं रस्त्याकडे करून ती बसली होती. फाटकातून एक सायकल भरधाव आत आली. ब्रेक करकचून लागला आणि ती बाकासमोर थांबली. मग पाय जमिनीला टेकल्याचा आवाज आला. सायकल हाताने ढकलत तो माणूस तिच्यासमोरून चालत गेला, आणि चाकाची टिकटिक पार लांब जाईपर्यंत ती कान देऊन ऐकत राहिली.